बाबाचा वाटा

माझा आवाज मोठा आहे. सोसायटीच्या मीटिंगला मी बोलायला उभी राहिले की सेक्रेटरी माइक माझ्यापासून लांब सरकवतो, आणि समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्यांत येऊन बघतात, भांडण कुठे लागलंय म्हणून. भांडण वगैरे काही नसतं. मी फक्त पाण्याच्या टाकीचं विचारत असते. नातवंडं म्हणतात, "आजी, जरा हळू." हळू बोलूनही बघितलं मी, पण ते माझं मलाच खोटं वाटतं. या आवाजाने एकदा आमचं घर राखलंय. त्याला आता म्हातारपणी गप्प कुठे बसवू?

ही सोसायटी आहे तिथे तेव्हा चिखल होता. नवी मुंबई हे नावसुद्धा कुणाच्या डोक्यात नव्हतं. बोनकोडे आणि तुर्भे यांच्या मधे खाडीच्या काठाला आमचं गाव. पुढे तिवरांची दाट राई, मागे भातशेती, आणि राईतून वाट काढत होड्या बांधाला लागायच्या. बाबा ज्या होडीवर जायचे तिचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हातारा होता, अंगाने काटकुळा आणि स्वभावाने तिखट. त्याच्या होडीचा वाटा पाडायचं काम माझ्याकडे होतं. आता ते काम म्हणजे काय हे सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

होडी आली की मासळीचे सारखे ढीग घालायचे. बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या, जे काय असेल ते. जेवढी माणसं तेवढे ढीग, वर एक होडीचा. कुणाच्या वाट्याला कुठला ढीग यावा यावरून तंटा नको म्हणून एका पोराला ढिगांकडे पाठ करून उभं करायचं. तांडेल एकेका ढिगावर बोट ठेवून विचारणार, "ह्यो कोनाचा?" पाठमोऱ्या पोराने मनाला येईल ते नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याने मोठ्याने म्हणायचं, "उचलला!" मगच पुढचा ढीग. हा 'उचलला' शब्द साधासुधा नव्हता. ज्याने वाटा उचलला तो होडीचा, त्याचं घर होडीचं, त्याची पोरं होडीची. कुणाला होडी सोडायची असली तर तो भांडत नसे, नुसता गप्प राहून वाटा तसाच ठेवून घरी जाई. सगळ्यांना समजायचं.

मला हे काम मिळालं ते याच गळ्यामुळे. वारा कितीही असो, माझं ओरडणं पार शेवटच्या घरापर्यंत जायचं. बाबांच्या ढिगाला मी त्यांचं नाव घेत नसे. लेकीने बापाचं नाव कसं घ्यायचं? मी ओरडायची, "बाबाचा!" तिवरांतले बगळे भर्रकन उडायचे, बायका हसायच्या, आणि बाबा मुद्दाम शब्द लांबवून म्हणायचे, "उच... लला!" वल्हं मारताना दम लागतो तसा मधे एक हिसका देऊन. दुसरं कुणी तसं म्हणत नसे.

धाकट्या बहिणीला जन्म देतानाच आई वारली होती. घरात आम्ही तिघं. बाबा, मी आणि धाकटी.

तो दारूबंदीचा काळ. आणि तिवरांत आत, जिथे पोलिसांचे बूट रुतायचे, तिथे आमच्या होडीच्या माणसांची भट्टी लागायची. चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, पण चोरून होतं असंही नाही, कारण गावात शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. एके दिवशी पोलिस ओहोटीची वेळ साधून, बूट काढून, अनवाणी आले. एवढी अक्कल त्यांना कुणी दिली देव जाणे! बाकीचे पाण्यात उतरून पसार झाले. बाबा मागे राहिले, कारण भट्टीवर शेजारच्या काकीचं तांब्याचं मोठं भांडं होतं आणि ते तिला परत द्यायचं होतं. भांड्यासकट सापडले. भट्टी कुणाकुणाची विचारलं तर म्हणाले, "माजी." त्यापुढे एक शब्द नाही. त्यांना सजा झाली, आणि ठाण्याच्या अंगाला, खाडीच्या काठावर जुन्या दगडी किल्ल्यात तुरुंग होता, तिथे नेऊन ठेवलं.

काकी त्याच दिवशी आली. आमची गोधडी काखोटीला मारली, धाकटीला कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "चल गं, भोंग्या." ती लाडाची बाई नव्हे. तिच्या घरात आम्हाला शिव्याही तिच्या पोरांइतक्याच मिळायच्या, आणि तेच मला बरं वाटायचं. एकदा तुर्भ्याच्या बाजारात कुणीतरी आम्हाला "कैद्याच्या पोरी" म्हणालं. काकीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि त्या बाईला असं काही सुनावलं की ती बाई स्वतःची मासळी तिथेच टाकून निघून गेली. मी तर खूश! केवढी मजा आली म्हणून सांगू.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. बाबांना नेल्यानंतर होडी पहिल्यांदा बांधाला लागली तो दिवस. मी जाऊ की नको असं करत गेले. आपला आता वाटा नाही, आपण फक्त नावं घ्यायची आणि घरी यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पाठ फिरवून उभी राहिले. एकेक नाव घेतलं, एकेक "उचलला" आला. होडीचाही झाला. नावं संपली. मी निघणार इतक्यात मागून तांडेलाचा आवाज आला, "ह्यो कोनाचा?"

मी वळून बघितलं. वळायचं नसतं, पण बघितलं. एक ढीग उरला होता, सगळ्यांच्या ढिगांएवढाच.

"पाठ फिरव!" तांडेल खेकसला. "इचारलं त्याचं उत्तर दे. ह्यो कोनाचा?"

मी पुन्हा पाठ केली. ओरडले, "बाबाचा!" बगळे उडाले. 'उचलला' म्हणायला कुणी नव्हतं.  मग तांडेलच म्हणाला, "ठेवला." असा शब्द आमच्या वाट्यात कधी नव्हता. तो त्या दिवसापासून झाला. काकीने तो ढीग टोपलीत भरला आणि घरी आणून शिजवला.

त्यानंतर रोज हेच. बाबाचा. ठेवला. धाकटीला तर या शब्दाने वेडच लावलं. अंघोळीला चल म्हटलं की ती म्हणायची, "ठेवला!" भाकरी दिली की "ठेवला!" काकी तिच्या पाठीत धपाटा घालायची तेव्हाही तेच. कालवण मात्र ती कधी ठेवत नसे, वाटी चाटून पुसून काढायची.

आणि मग बाबांचा निरोप आला. आमच्या पुढच्या गावचा एक माणूस किल्ल्यातून सुटून आला, त्याने सांगितला. पंधराला भेट आहे, पोरींना एकदा दाखवून जा. आणि मग पोरींना मोऱ्याला मामाकडे पाठवून द्या. गावावर भार नको.

मामा उरणजवळ मोऱ्याच्या धक्क्यावर कामाला होता. निरोप त्यालाही गेला असणार, कारण तो लगोलग आला. भला माणूस, पण त्याची खोली एवढीशी, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. ओट्यावर बसून मान खाली घालून म्हणाला, "थोरलीला मी नेतो. धाकटी मावशीकडं ऱ्हाईल, रेवसला."

म्हणजे मी खाडीच्या एका टोकाला आणि धाकटी पाण्यापलीकडे! मला असा राग आला! मी ओरडले, "आमी नाय जानार!" अख्ख्या गावाने ऐकलं असेल. काकीही माझ्या बाजूने उभी राहिली. पण तांडेलाने हात वर केला.

"बापसाचा शबुद हाय तो," तो म्हणाला. "बापूस जिता हाय. त्याचा शबुद त्योच बदलंल, आपन नाय. पंधराला जातो, त्यालाच इचारतो. त्यो बोलला ठेवा, तं पोरी हितंच. नाय बोलला, तं तू घेऊन जा."

मामाला पटलं. "पुनव झाली की दुसऱ्या दिवशी येतो," असं सांगून तो गेला.

पुनव! हे कुणालाच खटकलं नाही, आणि आजही मला वाटतं की कसं खटकणार? आमच्याकडे दिवस पाण्यावर मोजायचे. एकादशीला पाणी कुठवर, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी भरतीला, किती चढतं, हे पोरांना पाळण्यात कळायचं. पंधरा म्हणजे पक्षाचा पंधरावा दिवस, पुनव. दुसरं पंधरा कुठलं असतं? शाळेत मास्तर फळ्यावर तारीख लिहायचे खरे, पण ती तारीख फळ्यापुरती. फळा पुसला की संपली.

पुनवेची तयारी मी जन्मभर विसरणार नाही. सगळ्या गावालाच यायचं होतं. किल्ल्यात जायचंय की वऱ्हाडात, कुणाला कळेना. काकीने एकाच कापडातून आम्हा दोघींना परकर शिवले. कुणी तांदळाच्या भाकऱ्या दिल्या, कुणी सुका बोंबील, एका म्हातारीने तंबाखू दिली आणि ती पोलिसाला दाखवू नका म्हणून बजावलं. काकीने चिंबोऱ्यांचं कालवण मडक्यात भरून तोंडाला फडकं बांधलं. मधल्या आळीतला एकजण ताशा गळ्यात अडकवून होडीत येऊन बसला. तांडेलाने त्याला कॉलर धरून उतरवलं. तो बांधावरच उभा राहून आम्ही दिसेनासे होईपर्यंत ताशा वाजवत राहिला.

सकाळी पाणी फिरलं आणि भरतीबरोबर आम्ही निघालो. वर जायचं तर भरतीच हवी, ती तुम्हाला आपोआप उचलून नेते. पुनवेचं उधाण, पाणी असं फुगत होतं की बघत राहावं. तिवरं निम्मी बुडाली होती. मी होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बसले होते. बाबा दिसणार! काय काय सांगायचं ते मी मनात घोकत होते. काकीचं भांडं पोलिसांनी परत दिलं नाही हे सांगायचं, बाजारातल्या बाईचं सांगायचं. आणि सगळ्यात आधी विचारायचं, आमी गावातच ऱ्हाऊ? एवढं एक विचारलं की झालं. बाबा मला कधी नाही म्हणाले नव्हते.

धाकटी विचारत होती, "बाबा मोटा हाय?" तिला आठवतच नव्हते.

किल्ल्याच्या अलीकडे होडी लावून आम्ही फाटकाशी गेलो. तांडेलाने टोपी काढली. शिपाई बाहेर आला, बाबांचं नाव ऐकलं आणि म्हणाला, "आज भेट नाही."

"कशी नाय? पंधराला सांगतली व्हती."

"पंधरा तारखेला. ती होऊन गेली की."

"आवो, आज पुनव हाय! आजच पंधरा!"

शिपाई आमच्याकडे बघत राहिला. परकर, मडकं, भाकऱ्यांची फडकी, हे सगळं त्याने बघितलं, आणि हसायला आलेलं त्याने गिळलं हे मला दिसलं. "आजोबा," तो तांडेलाला हळूच म्हणाला, "सरकारची पंधरा वेगळी, तुमची वेगळी. आता पुढल्या महिन्यात या." मग जरा थांबून म्हणाला, "त्या दिवशी तो फाटकाकडे तोंड करून बसला होता. संध्याकाळपर्यंत."

 बाबा बसले होते. कुणी आलं नाही. त्यांना वाटलं असणार, गावाने आम्हाला टाकलं. पोरी मामाकडे धाडायला सांगितलं तेच बरं केलं, असंच वाटलं असणार. आणि उद्या मामा येणार होता, पुढल्या महिन्यात नव्हे, उद्या. मी त्या शिपायाच्या अंगावर ओरडणार होते, पण काकीने माझा दंड धरला. त्याचा काय दोष? कुणाचाच नव्हता.

होडीत परत येऊन बसलो. कालवणाचं मडकं जसंच्या तसं.  तांडेल वल्ह्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत होता. एरवी किल्ल्याच्या भिंतीखाली लांबपर्यंत चिखल असतो, होडी जवळसुद्धा जात नाही. पण त्या दिवशी उधाणाचं पाणी वर चढत चढत थेट भिंतीच्या दगडाला टेकलं होतं. तांडेलाने ते बघितलं, भिंत बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"वल्हा भिंतीकडं," तो माणसांना म्हणाला.

होडी भिंतीला जवळजवळ घासून उभी राहिली. आतून ताटल्यांचा आवाज येत होता, माणसांची गलबल ऐकू येत होती. जेवणाची वेळ असणार. भिंत उंच, वर फक्त आभाळ. वरून पहाऱ्यावरच्या शिपायाने वाकून हटकलं, "ए! होडी लांब न्या!"

"वाटा पाडतो, सायेब!" तांडेल साळसूदपणे म्हणाला. "धंदा हाय आमचा, लगेच जातो." आणि त्याने मडकं उचलून मधल्या फळीवर ठेवलं. मग माझ्याकडे वळून, रोज बांधावर बोलतो त्याच आवाजात म्हणाला, "पोरी, पाठ फिरव."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मी उठले, मडक्याकडे पाठ केली आणि तोंड भिंतीकडे. होडी हलत होती, काकीने मागून माझा परकर घट्ट धरला होता.

"ह्यो कोनाचा?"

"बाबाचा!"

आवाज भिंतीवर आपटला आणि परत आला. आतली गलबल तशीच चालू. धाकटी गंभीरपणे म्हणाली, "ठेवला." कुणी हसलं नाही.

तांडेलाने दोन्ही हात तोंडाशी धरले. त्याच्या म्हाताऱ्या छातीत एवढा दम असेल असं मला वाटलं नव्हतं. "ह्यो रोजचा वाटा कोनाचा?"

रोजचा! तो शब्द त्याने कधीच घातला नव्हता. तो माझ्यासाठी नव्हताच, भिंतीपलीकडच्यासाठी होता. मी डोळे मिटले, पोटातला होता नव्हता तेवढा सगळा वारा गोळा केला आणि ओरडले. असं मी त्याआधी कधी ओरडले नव्हते आणि नंतरही नाही. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं.

"बाबाचाऽऽऽ!"

किल्ल्याच्या बुरुजावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. आतल्या ताटल्या थांबल्या. गलबल थांबली. पाणी भिंतीला लागून चुळुक चुळुक वाजत होतं, तेवढंच.

आणि मग आतून, खूप लांबून आल्यासारखा, पण मधे तो हिसका देऊन आवाज आला.

"उच... लला!"

होडी उलटता उलटता वाचली. माणसं उभीच राहिली, काकी मला मिठी मारून रडायला लागली, वरचा शिपाई "काय चाललंय काय!" म्हणून ओरडायला लागला, आणि आतून कितीतरी अनोळखी माणसं एकदम, बाबांची नक्कल करत, हसत ओरडली, "उचलला! उचलला!" त्यांना काय कळलं होतं कुणास ठाऊक, पण त्यांनी वाटा अगदी झोकात उचलला. मी हसत होते, रडत होते, आणि वर हात करून उड्या मारत होते, जसं काही भिंतीपलीकडून कुणाला दिसणारच होतं.

"झाला," तांडेल खाली बसत म्हणाला. त्याने टोपीने तोंड पुसलं. "बापसानं शबुद बदलला, पोरी होडीच्याच. आता वाटा उचललेला हाय, तवा शिळा करू नका." त्याने मडक्याचं फडकं सोडलं. ओहोटी लागली तसे आम्ही पाण्याबरोबर खाली निघालो आणि वाटेभर चिंबोऱ्या फोडून खाल्ल्या. तसं कालवण काकीच्या हातून पुन्हा झालं नाही, असं मी तिला तोंडावर सांगायची आणि ती चिडायची.

दुसऱ्या दिवशी मामा आला. काकीच्या ओट्यावर टेकला, तिने दिलेलं पाणी प्यायला. आमची बोचकी बांधलेली दिसेनात म्हणून त्याने इकडेतिकडे बघितलं.

"भेट झाली?" त्याने विचारलं.

"नाय," तांडेल म्हणाला. "पन बोलला."

"काय बोलले दाजी?"

तांडेलाने मला पुढे ढकललं. "पोरीला इचार."

मी तोंड उघडलं. आवाजच नाही! आदल्या दिवशी सगळा त्या भिंतीपाशी खर्च होऊन गेला होता. नुसती हवा बाहेर आली. मी खुणा करायला लागले, मामाला काही कळेना, काकी हसायला लागली. तेवढ्यात धाकटी, जी बाबांना नेल्यापासून प्रत्येक गोष्ट ठेवत आली होती, ती मामाच्या मांडीवर चढली, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि मधे हिसका देऊन म्हणाली, "उच... लला!"

मामा खाडीकाठचाच माणूस. त्याला तेवढ्यात समजलं. तिला तसंच मांडीवर घेऊन तो बसून राहिला, आणि काकी त्याचं पान वाढायला आत गेली.